मर्यादा कोणाची, भुर्दंड कोणाला?

संकेतस्थळे बांधण्याच्या व्यवसायातील माणसे एकत्र जमली की दुसऱ्या चहापर्यंत एक वाक्य हमखास ऐकू येते: मर्यादा असल्याशिवाय प्रतिभेला धार येत नाही. क्लायंटने अमुकच ब्राउझरवर चालले पाहिजे असे बजावलेले असते. टंक अमुकच हवा, विदागार मिळणार नाही, सर्व्हरवरची जागा वाढणार नाही, कार्यालयातल्या पंधरा वर्षे जुन्या प्रणालीला धक्का लागता कामा नये, अशा अटी असतात. आणि त्या सगळ्यांत बसेल असे काहीतरी जुळवून झाले की आपण जणू शार्दूलविक्रीडितात एक निर्दोष श्लोक रचला, बारा अक्षरांवर यतीसुद्धा चुकू दिली नाही, असा भाव बांधणाऱ्याच्या चेहऱ्यावर उमटतो. आमच्यासारखी, म्हणजे पोटासाठी संकेतस्थळे बांधणारी आणि हौसेने साहित्यावर लिहिणारी माणसे तर या वाक्याला विशेष भुलतात. उपमा आमच्याच घरची असते ना! वृत्ताच्या बंधनातून कविता कशी फुलते, हे आम्हाला वर्गात शिकवलेले असते आणि पुढे आम्हीही कोणाला तरी शिकवलेले असते.

ही उपमा खोटी आहे आणि तिने मराठीचे प्रत्यक्ष नुकसान केले आहे, असे आमचे म्हणणे आहे. आमचे म्हणजे आम्हा तिघांचे. त्या नुकसानीत आमचाही हात आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

मुद्द्याला हात घालण्यापूर्वी एका शब्दाकडे वळतो. 'क्लायंट' या शब्दाला मराठीत एक प्रतिशब्द नाही. चार आहेत आणि चारही वेगवेगळ्या धंद्यांत अडकलेले आहेत. वकिलाचे ते अशील, दुकानदाराचे गिऱ्हाईक, भिक्षुकाचे यजमान, आणि सरकारी जाहिरातीतले ग्राहक. आमच्या धंद्याने यांपैकी एकही स्वीकारला नाही. आम्ही क्लायंटच म्हणतो. गंमत अशी की संगणकशास्त्रात याच शब्दाचा आणखी एक अर्थ रूढ आहे. तेथे क्लायंट म्हणजे सर्व्हरकडे पान मागणारे यंत्र. ब्राउझर, ज्याला आमचे काही मित्र निष्ठेने 'न्याहाळक' म्हणत आले. म्हणजे पैसे देणारा तोही क्लायंट, आणि पान मागणारा वाचक, निदान त्याच्या मांडीवरचे किंवा हातातले यंत्र, तेही क्लायंटच. एक नाव, दोन माणसे. पहिला आमच्यासमोर खुर्चीवर बसतो, चहा मागवतो, धनादेशावर सही करतो. दुसरा कधीच समोर येत नाही. आमच्या धंद्याची सगळी नैतिक अडचण या श्लेषात आहे असे आम्हाला वाटते, आणि वीस वर्षे तो श्लेष आम्हाला दिसला नाही याचे आता नवल वाटते.

२००४ साली एका साहित्यसंस्थेच्या त्रैमासिकाचे अंक महाजालावर चढवण्याचे काम आमच्याकडे आले. जिल्ह्याच्या गावातली संस्था. बेताचे उत्पन्न, पण अंक नेटाने निघत आलेला. १९९२ ते २००३ या बारा वर्षांचे अठ्ठेचाळीस अंक डीटीपीवर जुळवलेले होते आणि त्यांच्या फायली सुदैवाने शाबूत होत्या. चिटणीस सज्जन गृहस्थ होते. त्यांच्या अटी अशा: डीटीपीवाल्याने ज्या टंकात अंक जुळवला तोच टंक पडद्यावर दिसला पाहिजे, कारण त्याचा परवाना संस्थेने पदरमोड करून घेतला होता, मजकुरातले एक अक्षरही पुन्हा टंकायचे नाही, कारण मुद्रितशोधनाचे पैसे एकदा देऊन झाले होते, आणि संस्थेच्या कार्यालयातल्या विंडोज ९८ च्या संगणकावर, इंटरनेट एक्सप्लोररमध्ये, सगळे जसेच्या तसे उमटले पाहिजे. "आम्हाला इथे जे दिसतं तेच जगाला दिसेल ना?" असे त्यांनी दोनदा विचारले होते. आम्ही दोन्ही वेळा हो म्हणालो.

यात खोट काय होती, हे साहित्याच्या वाचकाला कळावे म्हणून थोडे खोलात जावे लागेल. त्या काळातले डीटीपीचे देवनागरी टंक, मग ते कोणत्याही घराण्याचे असोत, देवनागरी अक्षर साठवत नसत. ते देवनागरीचे चित्र साठवत. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या सांकेतिक जागा घ्यायच्या आणि तेथे अर्धा क, काना, मात्रा, रफार यांच्या आकृत्या बसवायच्या, अशी युक्ती. टंक जागेवर असेल तर डोळ्यांना मराठी दिसते; टंक काढून घेतला की उरतात रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हे. शिवाय प्रत्येक घराण्याची आकृत्यांची मांडणी वेगळी. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते म्हणून ती फायलीतही आधी ठेवलेली. रफार नंतर दिसतो म्हणून नंतर. 'किती' हा शब्द संगणकाच्या लेखी 'क'ने सुरूच होत नाही. मग शब्दांची वर्णानुक्रमे यादी करायची कशी, आणि शोधयंत्राने शोधायचे तरी काय?

त्यातही एक बारकावा पाठचिकित्सा शिकणाऱ्यांनी लक्षात घ्यावा असा आहे. जुळारी हात जसा वळेल तशी कळ दाबत असे. मात्रा आधी की अनुस्वार आधी. ओकार एका आकृतीने काढायचा की काना आणि मात्रा जोडून. छापून आलेल्या पानावर फरक शून्य. फायलीत मात्र एकाच शब्दाची दोन-तीन रूपे नांदत असत. डोळ्यांना न दिसणारे पाठभेद! ज्ञानेश्वरीच्या प्रतींत लेखकू बदलला की पाठ बदले. येथे एकच जुळारी सकाळी एक पाठ लिही आणि दुपारी दुसरा.

हा टंक वाचकाच्या संगणकावर नसणार, म्हणून आम्ही तो पानाबरोबर पाठवण्याची सोय केली. डायनॅमिक फाँट म्हणत त्याला. मायक्रोसॉफ्टची ही पद्धत इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९७ पासून होती आणि ती त्याच ब्राउझरात चाले. नेटस्केपची वेगळी होती. फायरफॉक्सवर किंवा लिनक्सवर आमचे पान म्हणजे कचरा होता, हे आम्हाला ठाऊक होते. अनुक्रमणिका आम्ही लेखांच्या शीर्षकांची चित्रे करून हाताने बांधली, कारण विदागार मिळणार नव्हते. प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर द्यावा, हे एचटीएमएलच्या १९९९ च्या ४.०१ आवृत्तीने बंधनकारक केले होते. पण तो मजकूर आमच्या चोरट्या टंकात उमटत नसे, म्हणून तो आम्ही रिकामा सोडला. अठ्ठेचाळीस अंक, सगळ्या अटी पाळून, ठरलेल्या दिवशी चढले. समारंभ झाला. त्या संध्याकाळी आमच्यापैकी एकाने वृत्ताची उपमा वापरली आणि उरलेल्या दोघांनी मान डोलावली.

बारा वर्षांनी, २०१६ साली, एका विद्यापीठाच्या मराठी विभागात पीएच.डी. करणाऱ्या मुलीचा दूरध्वनी आला. पानाच्या तळाशी आमचा क्रमांक होता. ग्रामीण समीक्षेवर तिचे काम चालले होते आणि तिला हवे असलेले सहा-सात लेख याच त्रैमासिकात आहेत हे तिला सूचीवरून कळले होते. "सर, तुमच्या साइटवर लेख ठेवलेलेच नाहीत का? माझा रीडर नुसती इंग्लिश अक्षरं आणि खुणा वाचतोय. आणि अनुक्रमणिकेत तर काहीच वाचत नाही." रीडर म्हणजे स्क्रीन रीडर, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी आज्ञावली. ती मुलगी दृष्टिहीन होती. छापील अंक आजवर कोणी ना कोणी तिला वाचून दाखवत आले होते, त्यांच्या सवडीने. महाजालावर तरी दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागणार नाहीत अशी तिची समजूत होती. आम्ही तिला टंकाचा इतिहास सांगू लागलो. तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "म्हणजे हे मराठीत नाहीच आहे?"

नव्हतेच. डोळस वाचकालाही एव्हाना ते दिसेनासे झाले होते, कारण नव्या ब्राउझरांना तो डायनॅमिक फाँट कळत नव्हता. पण डोळस वाचक निदान छापील अंक काढून बसू शकत होता.

तर आता वृत्ताच्या उपमेकडे. मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचली असे परंपरा सांगते, आणि त्यांतले एक 'निरोष्ठ रामायण' आहे: प, फ, ब, भ, म यांसारखे ओठांनी उच्चारायचे वर्ण टाळून रचलेले. त्यांच्याही कितीतरी आधी दंडीने 'दशकुमारचरिता'च्या सातव्या उच्छ्वासात हाच खेळ मांडला आणि त्याला कथेतच कारण दिले: सांगणाऱ्याचे ओठ प्रेयसीच्या दंतक्षतांनी दुखावले आहेत, म्हणून तो ओष्ठ्य वर्ण उच्चारत नाही. फ्रान्सात १९६० साली स्थापन झालेल्या उलिपो या मंडळातल्या जॉर्ज पेरेकने १९६९ साली 'इ' हे अक्षर न वापरता अख्खी कादंबरी लिहिली. आमच्या व्यवसायबंधूंना अशी उदाहरणे फार आवडतात. परंतु या तिन्ही ठिकाणी बंधन कोण घेतो? रचणारा. त्याचे ओझे कोण वाहतो? रचणारा. वाचकाच्या पदरात काय पडते? निरोष्ठ रचना मोठ्याने वाचून पाहावी. आपले स्वतःचे ओठ मिटत नाहीत, हा अनुभव वाचकाला येतो. बंधनाची साक्ष वाचकाचे शरीरच देते. बंधन त्याच्यापासून लपवलेले नसते. बंधनाचा आनंद त्याचाच असतो. माधव जूलियनांनी 'छंदोरचना' लिहून वृत्तांचे नियम उघड्यावर मांडले, सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून नवशिक्यांच्या हाती दिली, ती याच भूमिकेतून. नियम सर्वांना ठाऊक असला पाहिजे, तरच तो पाळल्याला आणि मोडल्याला काही अर्थ.

आमच्या पानावर आलेल्या वाचकाला कोणता नियम ठाऊक होता? समोर कचरा दिसला की त्याला वाटे, आपलाच संगणक बिघडला. विंडोज ९८, परवान्याची पावती, मुद्रितशोधनाचा खर्च यांतले काहीही त्याच्यापर्यंत पोहोचलेले नव्हते. बंधन एकाने घातले, दुसऱ्याने त्यात कसब दाखवून शाबासकी मिळवली, आणि भुर्दंड तिसऱ्याच्या नावावर निघाला, जो त्या बैठकीला हजर नव्हता. याला वृत्त म्हणणे हा मोरोपंतांचा अपमान आहे.

यंत्रासाठी लिपी वाकवण्याचा आपला इतिहास तसा जुना आहे. खिळे कमी व्हावेत, टंकलेखनयंत्रात देवनागरी बसावी म्हणून सावरकरांनी लिपिसुधारणेची चळवळ चालवली. अि, अी, अु अशी 'अ'ची बाराखडी आली. 'किर्लोस्कर' मासिकाने ती वर्षानुवर्षे छापली. पुढे ती मागे पडली. तिच्या गुणदोषांचा वाद येथे नको. आमचे लक्ष वेधून घेते ते हे की यंत्राची ती अडचण चारचौघांत मांडली गेली होती. वाचकाला ती पानावर दिसत होती. पटली नाही तर तो चिडून संपादकांना पत्र लिहू शकत होता. संगणकाच्या काळात लिपीशी त्याहून कितीतरी मोठी मोडतोड झाली, अक्षर जाऊन त्याच्या जागी डॉलरचे चिन्ह बसले, आणि त्यावर एकही परिसंवाद झाल्याचे आम्हाला स्मरत नाही. मोडतोड डीटीपीवाल्याच्या फायलीत झाली होती, आणि साहित्यिक फक्त छापील पान पाहत होते.

कोणी म्हणेल की गरीब संस्थेचे, गरीब भाषेचे हे रडगाणे आहे. तसे नाही. दक्षिण कोरियासारख्या महाजालात आघाडीवर असलेल्या देशाची गोष्ट पाहा. १९९० च्या दशकात अमेरिकेबाहेर जाणाऱ्या ब्राउझरांतली गुप्तलेखनाची सोय तिथल्या निर्यात-नियमांमुळे मुद्दाम दुबळी, ४० बिटांची ठेवलेली असे. बँकेचे व्यवहार त्यावर सोपवणे धोक्याचे, म्हणून कोरियाने १९९८ साली 'सीड' ही स्वतःची पद्धत घडवली आणि १९९९ साली डिजिटल स्वाक्षरीचा कायदा केला. ही पद्धत ब्राउझरात नसल्यामुळे ती ॲक्टिव्हएक्स नावाच्या जोडभागातून वाचकाच्या संगणकात घालावी लागे, आणि तो जोडभाग फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चाले. येथवर सगळे समजण्यासारखे आहे, शहाणपणाचेही. पण जानेवारी २००० मध्ये अमेरिकेने ते निर्यात-नियम सैल केले. मूळ कारण संपले, अट मात्र राहिली. जवळजवळ वीस वर्षे कोरियातल्या संकेतस्थळकारांना बँक, दुकान, सरकारी कचेरी अशा प्रत्येक क्लायंटच्या कागदावर ती अट दिसत राहिली आणि ते ती पाळत राहिले. मार्च २०१४ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांनी जाहीर बैठकीत तक्रार केली की एका लोकप्रिय दूरचित्रमालिकेच्या नायिकेचा कोट चिनी चाहत्यांना कोरियन संकेतस्थळांवरून विकत घेता येत नाही. कायद्याने मान्य केलेल्या त्या प्रमाणपत्रांचे विशेष स्थान गेले ते डिसेंबर २०२० मध्ये. ज्या ब्राउझरासाठी हा सगळा संसार मांडला तो इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच निवृत्त केला.

अटीला जन्मतारीख असते. तिचे कारण कधी मेले याची नोंद मात्र कोणी ठेवत नाही.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. वाचकाच्याही मर्यादा असतातच की! त्याची जोडणी संथ असते, फोन स्वस्तातला असतो, पडदा लहान असतो. २००४ साली सायबर कॅफेत बसणाऱ्या मराठी वाचकापुढे विंडोज ९८ च असे, आणि विंडोज एक्सपी असली तरी देवनागरीचा आधार चालू करायला विंडोजची सीडी शोधावी लागे. मग चिटणिसांची अट एका अर्थी वाचकाचीच अट नव्हती काय? होती, निम्मी. म्हणूनच आम्ही मर्यादांना सरसकट झोडपत नाही. वाचकाकडून येणाऱ्या मर्यादेत काम करणे हेच आमचे खरे वृत्त आहे. पान हलके ठेवणे, चित्राला शब्दांची जोड देणे, जुन्या फोनवरही मजकूर उमटेल असे पाहणे, यात कसब लागते आणि त्याचे श्रेय घ्यायला आम्हाला लाज वाटणार नाही. परंतु वाचकाची मर्यादा बदलत असते, आणि बहुतेक वेळा सुटत असते. सायबर कॅफे बंद पडले, एक्सपी गेली, फोनवर मराठी टंकता येऊ लागले. कार्यालयाच्या कपाटातली अट मात्र होती तिथेच राहते, आणि वाचकाच्या नावाने राहते. 'आमच्या वाचकांना हेच लागतं' हे वाक्य ज्या बैठकीत उच्चारले जाते त्या बैठकीत वाचकाला विचारलेले नसते, असा आमचा अनुभव आहे.

दुसरा आक्षेप पोटाचा. क्लायंटला नाही म्हणणे तीन माणसांच्या धंद्याला परवडत नाही. मान्य. आम्हीही नाही म्हणालो नसतो. पण नाही म्हणणे आणि माना डोलावणे यांच्यामध्ये बरीच जागा असते. देवनागरी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ सालीच, आली होती. विंडोज २००० पासून तिचा वापर शक्य झाला होता. मराठी विकिपीडिया मे २००३ मध्ये, आमच्या कंत्राटाच्या वर्षभर आधी, उघडला होता. आम्हाला हे ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय नाही. चिटणिसांना हवे तेच पान त्यांना देऊन शेजारी युनिकोडातली एक साधी, अनलंकृत प्रत ठेवता आली असती. रूपांतराच्या आज्ञावल्या कच्च्या होत्या, रात्री जागवाव्या लागल्या असत्या, त्याचे पैसे मिळाले नसते. आम्ही हिशेब केला आणि ते सोडून दिले. मुद्दा असा की त्या रात्री न जागण्याला आम्ही हिशेब म्हटले नाही, वृत्त म्हटले. उपमेने हिशेब झाकला, एवढाच तिचा उपयोग झाला.

आता वळतो ते तुमच्याकडे. हे वाचणाऱ्या प्राध्यापकांकडे आणि उद्या प्राध्यापक होणाऱ्यांकडे. मराठी साहित्याच्या संदर्भात क्लायंट म्हणजे कोणी परका व्यापारी नसतो. विभागाचे नियतकालिक, साहित्यसंस्थेचे ग्रंथालय, गौरवग्रंथाची समिती, संमेलनाची स्मरणिका. अटी घालणाऱ्या टेबलाच्या त्या बाजूला तुम्हीच बसलेले असता. केंद्र सरकारने भारतीय भाषांसाठी युनिकोड हे प्रमाण म्हणून २००९ साली जाहीर केले. त्यानंतरही कितीतरी वर्षे मराठी संस्थांनी जुन्या टंकांतल्या पीडीएफ महाजालावर टाकल्या. त्यांतला मजकूर उचलून पाहा, हाती काय लागते ते कळेल. दुर्मीळ प्रतीसाठी चार ग्रंथालये पालथी घालणारा आणि एका काना-मात्रेच्या फरकावर तासभर बोलणारा अभ्यासक स्वतःच्या लेखाची फाईल कोणत्या अवस्थेत जतन होते आहे, हे विचारतही नाही. तो तांत्रिक भाग, तो 'त्या मुलांनी' बघायचा! लिपी हा तांत्रिक भाग असेल तर मग भाषेच्या अभ्यासकांकडे उरते काय?

गेल्या वर्षापासून आम्ही ते अठ्ठेचाळीस अंक युनिकोडात आणायला बसलो आहोत. पैसे घेतलेले नाहीत. ते कोणाकडे मागणार? त्या टंकासाठी रूपांतराची तक्ती करावी लागली: कोणत्या खुणेचे कोणते अक्षर, वेलांटी उचलून व्यंजनामागे न्यायची, रफार उचलून पुढे आणायचा. अदृश्य पाठभेदांसाठी वेगळी तक्ती. सर्वांत जास्त छळले ते आडव्या रकाराने. सुरुवातीला आमच्या आज्ञावलीला र्‍य आणि र्य यांतला फरकच कळत नव्हता. दऱ्यांचे दर्या झाले, आणि एका लग्नसमारंभाच्या वर्णनात आचाऱ्यांऐवजी आचार्यांनी पुऱ्या तळल्या. (पुऱ्यांचेही पुर्या झाले होतेच.) ज्या मुलीने आम्हाला दूरध्वनी केला होता तिचा प्रबंध केव्हाच पूर्ण झाला, ते लेख तिने शेवटी मैत्रिणीकडून वाचून घेतले, असे तिने नंतर कळवले.

संस्थेत आता नवे पदाधिकारी आहेत, तरुण आहेत, आणि अंक युनिकोडात येत असल्याचा त्यांना आनंद आहे. त्यांची अट एकच: पानावर उजवी टिचकी बंद हवी आणि मजकूर निवडता येता कामा नये, कारण लोक लेख उचलतात. असे कुलूप चोराला अडवत नाही आणि टिपण काढणाऱ्या विद्यार्थ्याला अडवते, हे आम्ही बोलून पाहिले. पटले नाही. तेव्हा या वेळी आम्ही एक कागद करून पाठवला आहे. त्यात अट लिहिली आहे आणि तीन प्रश्न विचारले आहेत: हिचे कारण काय, हिचा फेरविचार कोणत्या तारखेला करायचा, आणि तोवर हिचा भुर्दंड कोणी सोसायचा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही. आम्ही १९९६ च्या तिसऱ्या अंकावर आहोत. त्यात खानावळीतल्या आचाऱ्यांवर एक ललित लेख आहे. तो ओळीओळीने हातानेच तपासावा लागणार असे दिसते.